लाइट आली, पण ऑफिसचे फोन उठेनात: स्क्रीनवरच्या कोडवरून दोष कसा शोधायचा

रात्री लाइट जाते, पहाटे येते आणि सकाळी ऑफिस उघडल्यावर टेबलावरचे आयपी फोन रुसलेले असतात. पावसाळा सुरू झाला की मला येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यांत जास्त असते. फाउंड्री असो, पतसंस्था असो किंवा हॉस्पिटल, यंत्रणा वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात. दोष मात्र तेच ते. इथे सिपवर, म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीवर, चालणाऱ्या आयपी-पीबीएक्सबद्दल (ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजबद्दल) लिहितोय, मग तुमचं एक्स्चेंज रॅकमध्ये असो की क्लाउडवर. साध्या टेलिफोन तारांवर चालणाऱ्या जुन्या ईपीएबीएक्सचं थोडं पुढे येईल.

लक्षणं

- स्क्रीन पूर्ण काळी. किंवा फोन सुरू होतो, लोगो दाखवतो, परत बंद पडतो आणि परत सुरू होतो.
- ‘ऑब्टेनिंग आयपी’ किंवा ‘नेटवर्क अनअव्हेलेबल’ यावर अडकलेला. काही फोन १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवतात.
- पत्ता मिळाला, पण ‘रजिस्टर फेल्ड’ किंवा ‘नो सर्व्हिस’, आणि मेनूत किंवा लॉगमध्ये ४०१, ४०३, ४०४, ४०८, ५०३ यांपैकी एक आकडा.
- सर्टिफिकेटची (एक्स्चेंजच्या डिजिटल ओळखपत्राची) तक्रार, किंवा सेटिंगची फाइल मिळत नाही असा संदेश.
- सगळे फोन हिरवे, आतल्या आत बोलणं होतं, पण बाहेरचा कॉल ना येत ना जात.
- भर सकाळी अकराला बाहेरून फोन करणाऱ्याला ‘आमचं कार्यालय बंद आहे’ ऐकू येतं.

कोड दोषाचं नाव सांगत नाही, गाडी कुठल्या स्टेशनात अडकली ते सांगतो. फोन उठताना ठरलेल्या क्रमाने जातो: आधी वीज, मग केबलचा दुवा, मग व्हीलॅन (त्याच केबलींवर फोनांसाठी केलेलं वेगळं नेटवर्क), आयपी पत्ता, सेटिंगची फाइल, घड्याळ आणि सगळ्यांत शेवटी एक्स्चेंजकडे नोंदणी. मिरजेत थांबलेल्या गाडीची चौकशी पुण्यात करून उपयोग नसतो. ४०३ दाखवणाऱ्या फोनची केबल बदलू नका, कारण ४०३ हे एक्स्चेंजनं पाठवलेलं उत्तर आहे. उत्तर आलं म्हणजे केबल आणि स्विच (सगळ्या केबली जिथे जोडतात तो नेटवर्कचा डबा) ठीक आहेत आणि फोनला पत्ताही मिळालाय. आणि १६९.२५४ दाखवणाऱ्या फोनचा पासवर्ड तपासत बसू नका. तो अजून एक्स्चेंजच्या दारापर्यंत पोचलेलाच नाही.

दुसरी गोष्ट. लाइट जाण्याने प्रत्यक्ष बिघडतं थोडंच. मधल्या काळात कुणी केलेला, पण सेव्ह न झालेला किंवा कुणाला न सांगितलेला बदल त्या दिवशी उघडा पडतो. स्विचवर व्हीलॅन टाकला पण कॉन्फिगरेशन सेव्ह केलं नाही, तर तो महिनोन् महिने चालतो आणि पहिल्या रीस्टार्टला पुसला जातो. एक्स्टेन्शनचा पासवर्ड कुणीतरी बदलला, फोनला ते रीस्टार्ट होईपर्यंत कळतच नाही. म्हणून मी गेल्या गेल्या विचारतो: मागच्या वेळी यंत्रणा बंद होऊन चालू झाली त्यानंतर इथे कोण कोण काम करून गेलं? सीसीटीव्हीवाला, वायफायवाला, बायोमेट्रिक हजेरीवाला? निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पहिली दहा मिनिटं हात लावू नका

फोन साधारण मिनिटभरात उठतो. एक्स्चेंजचा सर्व्हर उठायला काही मिनिटं घेतो, आणि इंटरनेटचा राउटर आपल्या सवडीने. म्हणजे फोन नोंदणी मागतात तेव्हा पलीकडे ऐकायला कुणी नसतं. मग ४०८ येतो. ४०८ म्हणजे ‘विचारलं, पण ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही’. फोन थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारतात आणि बऱ्याच वेळा सगळं आपोआप जागेवर येतं. या काळात रॅकचा मेन स्विच बंद-चालू करणारा माणूस सगळ्यांची रांग पुन्हा पहिल्यापासून लावतो, आणि अर्धवट उठलेल्या सर्व्हरची वीज तोडून डिस्कही धोक्यात घालतो.

दहा मिनिटांनीही तेच असेल तर एकच फोन बंद करून चालू करा. तो उठला तर वरचं सगळं ठीक आहे, बाकीचेही तसेच उठवा. तोही उठला नाही तर पुढे चला.

किती फोन बंद आहेत ते मोजा

यालाही पैसे लागत नाहीत, आणि अर्धा शोध इथेच संपतो. एकच फोन बंद असेल तर दोष त्या फोनमध्ये, त्याच्या पॅच कॉर्डमध्ये किंवा त्याच्या खात्यात. एक मजला किंवा एक रांग बंद असेल तर त्या भागाचा स्विच. सगळेच बंद असतील तर एक्स्चेंज, राउटर किंवा पत्ते वाटणारी डीएचसीपी. काही फोन चालू आणि काही बंद, त्यातही काहीच सूत्र दिसत नाही, असं असेल तर पत्ते संपलेत किंवा पत्ते वाटणारे दोघे झालेत अशी शंका घ्या.

काळी स्क्रीन

आधी शेजारच्या चालू फोनची पॅच कॉर्ड काढून इथे लावा. चालला तर कॉर्ड गेली. नाही तर हाच फोन शेजारच्या जागेवर नेऊन लावा. दोन अदलाबदलींत फोन, कॉर्ड आणि भिंतीमागची केबल हे तिन्ही वेगळे होतात.

केबलमधूनच वीज घेणारे फोन असतील तर स्विचकडे बघा. पीओईच्या, म्हणजे अशा केबलमधल्या विजेच्या, ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, फोनपर्यंत त्यातले १२.९५ पोचतील असं धरलेलं असतं. पण पूर्ण स्विचचा मिळून एक कोटा असतो आणि तो पोर्टच्या बेरजेपेक्षा बराच कमी असू शकतो. आठ पोर्ट आणि ६० वॅटचा कोटा असेल, आणि स्विच फोनच्या वर्गाप्रमाणे प्रत्येकी १५.४ राखून ठेवत असेल, तर तीनच फोनांत कोटा संपतो. एरवी हे लक्षात येत नाही, कारण फोन एकेक करून जोडलेले असतात आणि मधेच कुणीतरी एखादा कॅमेरा त्याच स्विचवर चढवलेला असतो. लाइट आल्यावर सगळे एकदम ताट पुढे करतात आणि शेवटचे उपाशी राहतात. तपासायला सोपं आहे: त्या स्विचवरचे दोन कॅमेरे काढा आणि काळा फोन उठतो का बघा.

फोन सुरू होऊन परत परत बंद पडत असेल तर मला पहिला संशय केबलचा येतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींत शुद्ध तांबं नसून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. त्यात व्होल्टेज जास्त पडतं. फोन निष्क्रिय असताना निभावतं, पण उठताना स्क्रीनचा उजेड लागला आणि प्रोसेसर जोरात पळू लागला की वीज अपुरी पडते आणि फोन पुन्हा शून्यापासून. केबल लांब असेल तर आणखीच. नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे, आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली केबल किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं.

टेबलाच्या खणात सापडलेला कुठलाही अ‍ॅडॉप्टर लावून बघू नका. पाच व्होल्टच्या फोनला बारा व्होल्टचा प्लग अनेकदा अगदी नीट बसतो, आणि मग मात्र नवा फोनच घ्यावा लागतो.

‘ऑब्टेनिंग आयपी’ आणि १६९.२५४

१६९.२५४ चा पत्ता कुणी दिलेला नसतो. पत्ता वाटणारा सापडला नाही म्हणून फोनने स्वतःच घेतलेला तो तात्पुरता पत्ता आहे. म्हणजे डीएचसीपीपर्यंत आवाज पोचत नाही, किंवा तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही.

आधी शोधा तो वेटोळा. आयपी फोनला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे जाणारं, एक कॉम्प्युटरसाठी. साफसफाई करताना किंवा टेबल हलवताना मोकळं लोंबणारं टोक कुणीतरी ‘सुटलंय वाटतं’ म्हणून भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचतं. झालं, नेटवर्क स्वतःच्याच शेपटीत अडकतं. साधा स्विच असेल तर त्याचे सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकतात आणि ऑफिसचं इंटरनेटही जवळजवळ बंद पडतं. टेबलाखाली वाकून बघायला पैसे लागत नाहीत, म्हणून हे आधी.

मग पत्ते संपलेत का बघा. छोट्या ऑफिसच्या राउटरमध्ये शंभरेक पत्त्यांची जागा असते, आणि कर्मचाऱ्यांचे मोबाइल, पाहुण्यांचे मोबाइल, टीव्ही, प्रिंटर सगळे त्यातूनच खातात. राउटरच्या पानावर वाटलेल्या पत्त्यांची यादी मिळते. ती भरलेली असेल तर वायफाय वेगळ्या नेटवर्कवर टाकणं हाच खरा उपाय. पत्त्याची मुदत कमी केली तर आजचं भागतं.

फोनला पत्ता मिळालाय पण तो भलत्याच मालिकेतला आहे, म्हणजे बाकी सगळे १९२.१६८.१ मध्ये आणि हा १९२.१६८.० मध्ये, असं दिसलं तर कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लॅन पोर्टमधून जोडलेला आहे. तोही पत्ते वाटतो. एरवी फोनांकडे जुने पत्ते असतात, त्यामुळे धकतं. लाइट आल्यावर नव्याने मागणी होते आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो. तो राउटर काढा, त्या फोनांना पुन्हा सुरू करा.

मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग करता येतं असा) असेल तर आणखी एक गोष्ट. वेटोळे टाळण्यासाठी जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री नवीन जोडलेलं पोर्ट सुमारे ३० सेकंद अडवून धरतो. घाईने उठणारा फोन तेवढ्यात पत्ता मागून थकतो. ज्या पोर्टवर फोनच आहेत त्यांना एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट करून ठेवतात. हे काम स्विचचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याचं. व्हीलॅन पुसला गेलाय का, हेही त्यालाच बघायला सांगा.

आकडे: ४०१, ४०३, ४०४, ४०८, ५०३

सिपचे हे आकडे २००२ साली आलेल्या आरएफसी ३२६१ या मानकात ठरवलेले आहेत, म्हणून कंपनी कुठलीही असो, अर्थ साधारण तोच. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे विचारणाऱ्याच्या मागणीत खोट, ५ ने सुरू होणारा म्हणजे उत्तर देणाऱ्याकडे.

४०१ लॉगमध्ये दिसला म्हणून घाबरू नका. पहिल्या मागणीला एक्स्चेंज ‘आधी ओळख पटव’ म्हणून ४०१ च देतं, तो रिवाज आहे. फोन त्यावरच अडकून राहिला तरच पासवर्ड चुकीचा. ४०४ म्हणजे त्या नंबरचं एक्स्टेन्शन एक्स्चेंजमध्ये नाही. कुणीतरी काढलं किंवा जुना बॅकअप चढवला. ५०३ म्हणजे एक्स्चेंज जागं आहे पण सेवा द्यायला तयार नाही. आणखी पाच मिनिटं थांबा.

४०३ मध्ये पासवर्डबरोबर दुसरंही कारण असतं: बऱ्याच एक्स्चेंजमध्ये ठरावीक मालिकेतल्या पत्त्यांनाच नोंदणी देण्याचं बंधन असतं. वर सांगितलेल्या घरच्या राउटरने भलता पत्ता दिला की फोन ४०३ खातो, आणि माणूस पासवर्डमागे दिवस घालवतो. म्हणून ४०३ दिसला की आधी फोनचा आयपी पत्ता बघा, मग पासवर्ड.

सगळ्यांत फसवा ४०८. एक्स्चेंज रॅकमध्ये असेल तर कुणी त्याचाच पत्ता दुसऱ्या यंत्राला दिलाय का हे बघायची एक युक्ती आहे. एक्स्चेंजची नेटवर्क केबल काढा आणि कॉम्प्युटरवरून त्याच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारा. केबल काढलेली असताना उत्तर आलं, तर उत्तर देणारा दुसराच कुणी आहे. बहुतेक वेळा सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा हजेरीचं यंत्र निघतं. लाइट जाण्याआधी कसं काय चालत होतं, असं लोक विचारतात. कधी डीव्हीआर नवा असतो, कधी दोघांत आधी कोण उठतं यावर खेळ असतो.

एक्स्चेंज क्लाउडवर असेल तर ४०८ ची गोष्ट वेगळी. एका कोपऱ्यातल्या फोनमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो. लाइट आल्यावर तो पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड ठोकतो. सर्व्हरवर बसवलेली राखण, बऱ्याच ठिकाणी फेलटूबॅन नावाची, लॉग वाचून त्या पत्त्याला बंदी घालते. पण बाहेरून पाहता तुमच्या पूर्ण ऑफिसचा पत्ता एकच असतो. एका फोनपायी सगळे ४०८ वर जातात. ओळखायचं कसं? ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावर सॉफ्टफोन (आयपी फोनचं काम करणारं अ‍ॅप) लावा. तिथे लगेच नोंदणी झाली आणि ऑफिसातून होत नाही, तर बंदी लागलेली आहे. आधी तो चुकार फोन शोधून बंद करा, मगच सेवा देणाऱ्याला बंदी उठवायला सांगा. उलट क्रमाने केलंत तर थोड्या वेळात पुन्हा तेच.

‘फायरवॉल बंद करून बघू या’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सिपचं ५०६० नंबरचं पोर्ट उघडं ठेवलं की ते शोधत फिरणारे प्रोग्रॅम लवकरच येऊन धडकतात, आणि तुमच्या खात्यातून रात्रभर परदेशी कॉल होतात.

घड्याळ

रात्री बंद असलेल्या ऑफिसात दिवसा बंदची घोषणा वाजते, त्याचं मूळ बहुधा इथे. सर्व्हरच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटण सेल असतो. तो मेला की वीज पूर्ण गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. त्यामुळे दिवस-रात्रीची वेळ बघून कॉल वळवणारा नियम चुकतो. एन्क्रिप्टेड नोंदणी असेल तर सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ ठरतं आणि फोन दार लावून घेतात. काही छोट्या बोर्डांवर घड्याळाला सेलच नसतो. ते इंटरनेट येईपर्यंत वेळ ओळखूच शकत नाहीत. एक्स्चेंजच्या पानावर तारीख बघा. चुकली असेल तर इंटरनेट वेळेशी जुळवा आणि सेल बदलून घ्या, तो अगदी स्वस्तात मिळतो.

तारीख बरोबर असूनही जुने फोन सर्टिफिकेटवर अडत असतील तर फोनमधली मूळ सर्टिफिकेटांची यादी शिळी झालेली असू शकते. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली तेव्हा अपडेट न केलेली बरीच जुनी उपकरणं अशीच अडकली होती. इलाज फर्मवेअर, म्हणजे फोनच्या आतला प्रोग्रॅम, अपडेट करण्याचा. तो लाइट स्थिर असतानाच करावा, कारण फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर फोन कायमचा जाऊ शकतो.

आतलं चालतं, बाहेरचं नाही

म्हणजे फोन आणि एक्स्चेंज दोघेही निर्दोष. सिप ट्रंक, म्हणजे ऑपरेटरकडून डेटा लाइनवर येणारी बाहेरची लाइन, असेल तर ऑपरेटरने बसवलेल्या राउटरचे किंवा फायबरच्या डब्याचे दिवे बघा. फायबरचा लाल दिवा असेल तर तुमच्या हातात काही नाही, तक्रार नोंदवा. पीआरआय असेल, म्हणजे ३० कॉल एकदम नेणारी ई१ लाइन, तर लाल अलार्मचा अर्थ आपल्याकडे सिग्नलच येत नाही, आणि पिवळ्याचा अर्थ पलीकडच्याला आपला सिग्नल पोचत नाही. दोन्हींत आधी मोडेमची वीज आणि दोन्ही टोकांचा प्लग बघा. जुनी कॉपर लाइन असेल तर क्रोनवर, म्हणजे बाहेरच्या तारा जिथे जोडतात त्या पट्टीवर, साधा टेलिफोन लावून टोन ऐका. तिथेच टोन नसेल तर एक्स्चेंज उघडायची गरज नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

हॉस्पिटल, लिफ्टचा फोन, भट्टीजवळचा आपत्कालीन फोन: यांच्याबाबतीत वरचं काहीही करत बसू नका. आधी त्या जागी मोबाइल ठेवा, मग लगेच इंजिनिअर.

जळका वास, फुगलेली बॅटरी, यूपीएसचा किंवा रॅकचा एमसीबी पुन्हा पुन्हा पडणं, यांत आधी मेन बंद, मग वायरमन. एक्स्चेंजचा पॉवर सप्लाय बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो. तो उघडायचा नाही. वळवाच्या पावसात कडाडत असताना बाहेरून आलेल्या तांब्याच्या जोडणीला हात लावायचा नाही. जुन्या ईपीएबीएक्सचा लाल दिवा जात नसेल तर वीज पडून एखादं कार्ड गेलेलं असू शकतं, पण चालू एक्स्चेंजमधून कार्ड ओढून बघणं म्हणजे उरलेली कार्डंही घालवणं.

सर्व्हरच्या स्क्रीनवर डिस्कची किंवा फाइल सिस्टिमची चूक दिसत असेल तर बंद-चालू थांबवा. प्रत्येक वेळी थोडी आणखी माहिती जाते, आणि बॅकअप नसेल तर एक्स्टेन्शनची पूर्ण यादी हातून जाते. फॅक्टरी रीसेट हा तर उपाय नव्हेच. फोनवर केला तर एक फोन जाईल, एक्स्चेंजवर केला तर ऑफिस.

इंजिनिअरला फोन करण्याआधी अडकलेल्या फोनच्या स्क्रीनचा फोटो काढा, त्यात कोड आणि आयपी पत्ता दोन्ही दिसू द्या. चालू असलेल्या एका फोनचा पत्ताही काढा. स्विचच्या दिव्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, किती फोन बंद ते, आणि अलीकडे कोण काम करून गेलं ते कळवा. एवढं हातात असलं की बरेच दोष मी जागेवर न येता सोडवतो. आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असेल तर यूपीएसची बॅटरी त्यात धरली आहे का ते आधी करारात बघून ठेवा. बऱ्याच करारांत ती धरलेली नसते.